साबणाच्या डबीतली खस

एप्रिल लागला की नागपुरात रस्त्यांच्या कडेला कूलरला लावायच्या खसच्या ताट्या विणणारी माणसं येऊन बसतात. लाकडी चौकटी, तारेची जाळी आणि शेजारी खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, तपकिरी मुळ्यांचा ढीग. मधूनच कोणीतरी त्या ढिगावर पाण्याचा हबका मारतं आणि सगळ्या रस्त्याला तो वास सुटतो. लोक गाड्या हळू करतात, तोंडावरचा दुपट्टा जरा खाली ओढून लांब श्वास घेतात. त्यांना गार वाटतं. माझा जळफळाट होतो. खोटं कशाला सांगू? चार उन्हाळे झाले, तो वास आला की घरी गेल्यावर मी उगाच कोणावर तरी खेकसतो.

आता खसचा आणि जळण्याचा काय संबंध, हे सांगायचं तर मधे एक गिटार येते.

आमचं गांधीबागेत अस्तराच्या कापडाचं दुकान आहे. ब्लाउजच्या आत, कोटाच्या आत जे कापड असतं आणि कोणाला दिसत नाही, ते आम्ही विकतो. शेजारच्या दुकानात शालू उलगडतात, बायका हरखून बघतात, मग त्याच बायका आमच्याकडे येऊन म्हणतात, याला शोभेल असं काहीतरी आतून द्या. म्हणजे दिसणाऱ्या कापडाचा हेवा करायची सवय मला लहानपणापासूनची. बत्तिसाव्या वर्षी एकदम मनात आलं की आपण गिटार शिकावी. घरच्यांनी हसून घेतलं. मी डोंगरे सरांकडे जायला लागलो.

सर उमेदीत ऑर्केस्ट्रात वाजवायचे. एप्रिल महिनाभर भीमगीतांचे कार्यक्रम, उरलेलं वर्ष लग्नं. त्यांच्याकडे कलकत्त्याच्या एका कारागिरानं हातानं घडवलेली गिटार होती. पुढची पाटी अस्सल एकसंध लाकडाची, मधासारख्या रंगाची, आणि सरांचा अंगठा वर्षानुवर्षं घासून एका जागी फिकट झालेली. ती वाजली की खोलीतला पंखा बंद करावासा वाटायचा. माझी गिटार प्लायवूडची. तिचा आवाज म्हणजे आमच्या दुकानात ठाण आपटल्यासारखा.

अस्सल लाकडाची वस्तू नागपुरात ठेवायची म्हणजे घरात आजारी माणूस असल्यासारखं असतं. मे महिन्यात इथली हवा सगळ्यातलं पाणी शोषून घेते. ओठ फुटतात, टाचा फुटतात, दाराच्या चौकटीतून वाळलेली पुट्टी गळते. लाकूडही तसंच आक्रसतं. गिटारची मान आक्रसली की तारांखालच्या पितळी पट्ट्यांची टोकं कडेनं बाहेर येतात आणि हात फिरवला की करवतीसारखी लागतात. ती पहिली खूण. मग पुढची पाटी पोटात जाते. मग एक दिवस चीर. म्हणून गिटार पेटीत बंद ठेवायची आणि पेटीत ओलावा ठेवायचा. दुकानात त्यासाठी स्पंजच्या विकतच्या वस्तू मिळतात, पण सरांचा त्यांवर विश्वास नव्हता. स्पंज कुजतो, म्हणायचे. त्यांनी स्वतःची रीत काढली होती. प्रवासात नेतात ती प्लॅस्टिकची साबणाची डबी घ्यायची, तापलेल्या सुईनं तिला भोकं पाडायची आणि आत कूलरच्या जुन्या ताटीतली खस भरायची. खस पाण्यात बुडवून इतकी पिळायची की एक थेंबही गळता कामा नये, आणि डबी पेटीत मानेखालच्या खाचेत ठेवायची. पेटीत ओलावा मोजायचा एक लहानसा गोल काटा असे. काटा उतरायला लागला की खस पुन्हा ओली करायची. सर म्हणायचे, आंघोळ नाही घालायची गा, कपाळावर ओली पट्टी ठेवायची.

एका पोरानं शहाणपणा करून गिटार सरळ कूलरसमोर टांगली होती. माणसाला जे गार वाटतं ते लाकडालाही वाटत असेल, असा त्याचा हिशेब. महिनाभरात त्या गिटारचं पोट गरोदर बाईसारखं फुगलं. आमच्या गावात कूलरवर लोकांचा देवाइतका भरोसा, म्हणून असली चूक इथेच होऊ जाणे.

तर ती खस दरवर्षी मी काढायचो. अकरा वर्षं. मार्चअखेर एखाद्या रविवारी मी सरांकडे जायचो, स्टुलावर चढून कूलरच्या जुन्या ताट्या सोडवायचो, नव्या बसवायचो, पंपातला गाळ काढायचो. मग जुन्या ताटीतली बरी खस निवडून सगळ्या शिष्यांच्या डब्या भरायचो. सर्वांत लांब, सर्वांत सुगंधी मुळ्या सरांच्या डबीत. सरांच्या गिटारची तहान मी भागवत होतो. हे कोणी मला सांगितलं नव्हतं आणि याबद्दल कोणी शाबासही म्हटलं नाही. सर शाबास म्हणणारे नव्हतेच. माझा पंचम चुकला की ते डोळे मिटून घ्यायचे, आणि बरोबर आला की उघडायचे नाहीत.

प्रणाली आली ती शेवटच्या तीन वर्षांत. पारशिवनीकडची पोरगी, इथे एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला, मनीषनगरला मावशीकडे राहायची. पहिल्या दिवशी तिला गिटार मांडीवर कशी घ्यायची तेही माहीत नव्हतं. मीच दाखवलं. चार महिन्यांत ती माझ्यापुढे गेली. वर्षभरात ती वाजवताना सर डोळे उघडे ठेवायला लागले. मी दाराजवळ बसून बघायचो. मला दादा म्हणायची, राखीला न चुकता यायची, माझ्या बायकोशी, सुषमाशी, तिचं गूळपीठ जमलं होतं. चांगली पोरगी होती. वाईट असती तर किती सोपं झालं असतं.

चार वर्षांपूर्वीच्या त्या मार्चअखेरच्या रविवारी मी स्टुलावरच होतो. हातात जुनी ताटी, डोक्यात खसचा भुसा, दातांमध्ये एक खिळा. सरांची बोटं तोवर संधिवातानं वाकडी झाली होती. त्यांनी पेटी उघडली, गिटार बाहेर काढली, आणि प्रणालीच्या मांडीवर ठेवली. घे वं, म्हणाले, आता ही तुही. ती रडायलाच लागली. मग सरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि सांगितलं की प्रणालीच्या डबीसाठी चांगली खस काढून ठेव.

मी काढून ठेवली. सर्वांत लांब मुळ्या.

नंतर सगळे गेल्यावर मी पंपाचं पाणी बघायच्या निमित्तानं रेंगाळलो. सरांना कळलं असावं. म्हणाले, “तुह्या हाताले लाकूड समजते गा विलास. तिच्या हाताले सूर समजते.” त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण ते वाक्य मी घरी नेलं, जेवताना चावलं, दुसऱ्या दिवशी दुकानात अस्तर मोजताना चावलं. आणि माझ्या गिटारसाठी डबी भरू का म्हणून मी विचारलं होतं, त्यावर ते काय म्हणाले? तुहीले काही होत नाही, ती प्लायवूड आहे. खरंच होतं ते. प्लायवूड चिरत नाही. तिला ना खस लागते, ना काटा, ना कोणाची काळजी.

सुषमानं महिनाभर माझी चिडचिड सोसली. शेवटी पापड लाटता लाटता, मान वर न करता तिनं निदान केलं. “तुम्ही जळून राहिले, दुसरं काही नाही,” म्हणाली. मी त्यावर जे बोललो ते इथे लिहीत नाही.

मे महिन्यात सर गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रायपूरला लेकीकडे गेले. मागोमाग प्रणालीच्या भावाचं लग्न निघालं. वीस दिवस पारशिवनी, मावशीही सोबत, मनीषनगरचा फ्लॅट बंद. गावच्या घरावर टिनाचं छप्पर, तिथे गिटार नेणं म्हणजे तव्यावर ठेवणं. एका दुपारी दोन वाजता, तोंडाला दुपट्टा गुंडाळून, पाठीवर ती पेटी अडकवून प्रणाली स्कूटीवर गांधीबागेत हजर झाली. चेहरा लालबुंद. पेटी हाताला चटका देत होती. तिनं ती माझ्या हातात दिली आणि म्हणाली की दादा, तुमच्याएवढं यातलं कोणाला समजतं?

पहिले चार दिवस मी खस ओली केली. अगदी रीतसर, पिळून. पाचव्या दिवशी दुपारी घरात कोणी नव्हतं. मी पेटी उघडली, गिटार मांडीवर घेतली. अकरा वर्षांत सरांनी तिला एकदाही माझ्या मांडीवर दिलं नव्हतं. मला वाटत होतं, माझ्यात काही कमी नाही, कमी आहे ती त्या प्लायवूडमध्ये. हिच्यावर वाजवलं असतं तर सरांनाही कळलं असतं. मी वाजवली. सरांनी प्रणालीला शिकवलेलीच चीज वाजवली. ती माझ्या हातात ठाण आपटल्यासारखी वाजली. पुन्हा वाजवली, पुन्हा तेच. गिटार तीच होती. हात माझे होते.

मी तिला पेटीत ठेवलं आणि झाकण लावलं. डबीतली खस कोरडी झाली होती, ते मला दिसलं होतं. मोरीत बादली भरलेली होती, दहा पावलांवर. मी गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी म्हटलं, उद्या घालू. मग नवतपा लागला. ते नऊ दिवस नागपुरात कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत. पेटी कूलर नसलेल्या मधल्या खोलीत कपाटावर होती. मी येता-जाता तिच्याकडे बघत होतो. एकदा उघडून मानेवरून बोट फिरवलं, पट्ट्यांची टोकं लागली. काटा तळाला टेकला होता. मला सगळं समजत होतं. माझ्या हाताला लाकूड समजतं ना.

रविवारी दुपारी आम्ही आमरस खात होतो तेव्हा मधल्या खोलीतून टक् असा आवाज आला. मोठा नाही, सुपारी फोडल्याएवढा. सुषमानं विचारलं की काय फुटलं? मी म्हटलं, पंख्याचं काहीतरी असेल. आणि वाटीतला रस संपवला. दुसरी वाटीही घेतली. ही गोष्ट मी माझ्याबद्दल विसरू शकत नाही.

सकाळी बघितलं. तारा जिथे खाली बांधतात तिथून काठापर्यंत, बोटभर लांब, केसाएवढी बारीक चीर. मग मी जे केलं ते चिरीपेक्षा वाईट होतं. मी खस ओली केली. चांगली भिजवून, पिळून, डबीत भरून जागेवर ठेवली. पुढचे सगळे दिवस न चुकता सकाळ-संध्याकाळ केली. प्रणाली परत आली तेव्हा काटा अगदी हवा तिथे होता.

तिनं चीर पाहिली, डबीला हात लावला, खस ओलसर आहे हे पाहिलं, आणि मटकन खाली बसली. म्हणाली, “मीच घात केला दादा. भर दुपारी उन्हातून आणली मी इले.” मी तोंड उघडलं. शब्द ओठापर्यंत आले होते, हे मी शपथेवर सांगतो. पण सुषमा पाणी घेऊन आली, तिनं प्रणालीच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि ती वेळ गेली. अशी वेळ फार थोडी असते.

सर परतल्यावर तिनं स्वतः जाऊन सांगितलं. मी तिथेच होतो. सर तिच्यावर ओरडले, वेडी काय वं तू, म्हणाले. आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, “विलासच्या घरी होती म्हणून एवढ्यावर भागलं.” अकरा वर्षांत पहिल्यांदा चांगलं बोलले ते माझ्याबद्दल. चीर आम्हीच बुजवली. आठवडाभर ओलावा देऊन लाकूड जवळ आणलं, डिंक भरला, आतून तीन लहान लाकडी टिकल्या चिकटवल्या. सरांची बोटं वळत नव्हती म्हणून भोकातून हात घालून टिकल्या मी बसवल्या. प्रणालीनं टॉर्च धरला होता आणि तिचं नाक वाहत होतं.

गंमत बघा. त्यानंतर ती गिटार आणखी चांगली वाजायला लागली. सर म्हणायचे, मोकळी झाली. मला त्यात काही समजत नाही. मला एवढंच दिसत होतं की माझ्या करणीतूनसुद्धा तिचंच भलं झालं.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. शोकसभेला प्रणालीनं तीच गिटार वाजवली. वाजवण्याआधी ती चार शब्द बोलली. चिरीवर बोट ठेवून म्हणाली की ही माझी चूक आहे, सरांनी एकदा रागावून नंतर कधी तिचा उच्चारही केला नाही, आपली चूक डोळ्यांसमोर ठेवून वाजवायचं हे मी त्यांच्याकडून शिकले. लोकांनी डोळे पुसले. दुसऱ्या रांगेत बसून मी आतून पेटत होतो. गिटार नेली, सर नेले, आता माझं पापसुद्धा हिनंच नेलं. त्या गिटारवर माझं म्हणावं असं एकच काही होतं, ती बोटभर चीर, आणि तीही तिच्या नावावर. इतका हेवा मला गिटार दिली त्या दिवशीही वाटला नव्हता. सर जिवंत होते तोवर निदान एखाद्या रविवारी खरं सांगता आलं असतं.

म्हणून या एप्रिलमध्ये मी ठरवलं. रस्त्यावर खस आली, वास आला, आणि मी दोन ताट्या गाडीला बांधून मनीषनगरला गेलो. आता प्रणालीच्या कूलरचं कामही माझ्याकडेच आहे. ताट्या बसवल्या, पंप चालू केला, खोलीभर वास झाला. तिनं पन्हं दिलं. ग्लास हातात धरून मी सगळं सांगून टाकलं. पाचवा दिवस, मोरीतली बादली, नवतपा, आमरस, दुसरी वाटी, नंतर भिजवलेली खस. काही लपवलं नाही. जळत होतो तुझ्यावर, हेही सांगितलं. अजून जळतो, हेही.

मला वाटलं आता ती रडेल, किंवा उठून दार उघडेल. दोन्हीची माझी तयारी होती.

“सरांनी मले सांगून ठेवलं होतं दादा,” ती म्हणाली. “म्हणे, विलास एखाद्या दिवशी येईल आन् म्हणेल का चूक माही होती. त्याचं आयकू नको म्हणे. तो तसाच आहे. दुसऱ्याचा दोष आपल्या अंगावर घेईल, पण कोणाले दुखवणार नाही.”

मी म्हटलं, प्रणाली, अगं खरंच. तर ती हसली, डोळ्यांत पाणी होतं. म्हणाली की खस ओली होती, मी माझ्या हातानं पाहिली ना. आणि ग्लास पुन्हा भरायला आत गेली.

ती बाहेर येईपर्यंत मला वेळ होता. सुषमाला त्या टक् आवाजाचं विचार, असं मी सांगू शकलो असतो. मी मनात ते वाक्य जुळवलंही. पण मधेच सरांचं बोलणं कानात वाजायला लागलं. तो तसाच आहे. अकरा वर्षं स्टुलावर उभा राहून मी ज्याची वाट पाहिली ते सर बोलून गेले होते, माझ्या माघारी, माझ्या लायकीचा काही संबंध नसताना. सरांनी मला दोनदा चांगलं म्हटलं, आणि दोन्ही वेळा ते माझं नव्हतं. ती पन्हं घेऊन आली. मी ग्लास घेतला आणि गप्प बसलो. सरांचं ते बोलणं मी ठेवून घेतलं.

आता मे उजाडलाय. तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे म्हणून ती पुन्हा पारशिवनीला गेलीय. या वेळी तिनं गिटार पहाटे सहाला आणून दिली, पेटीवर ओली चादर गुंडाळून. ती पेटी आता माझ्यासमोर दिवाणावर आहे. रोज दुकानात जायच्या आधी मी झाकण उघडतो. खसचा वास नाकात जातो, जुना जळफळाट उठतो, पण हल्ली त्यात प्रणाली नसते. मी हेवा करतो तो सरांच्या तोंडच्या त्या विलासचा. कोणाला न दुखवणाऱ्या, दुसऱ्याचा दोष अंगावर घेणाऱ्या. सरांनी त्याला पाहिलं, प्रणाली त्याला राखी बांधते, गिटारही त्याच्याच भरवशावर सोडून जाते. मला तो कधी भेटला नाही.

त्या विलासनं खसला पाणी घातलं असतं. म्हणून मी उठतो, मोरीतल्या बादलीपर्यंत दहा पावलं जातो, आणि घालतो.